आभासी यंत्रातील दृश्य विभेदन

आभासी यंत्रातील दृश्य विभेदन : एका संगणकाच्या पोटात आज्ञावलीच्या साहाय्याने चालविलेल्या दुसऱ्या, कल्पित संगणकाच्या पडद्यावर किती चित्रबिंदूंची प्रतिमा उमटते, ते संख्यामान म्हणजे आभासी यंत्राचे दृश्य विभेदन होय. ज्या खऱ्या संगणकावर हा खेळ चालतो त्यास ‘यजमान’ व आभासी यंत्रात चालणाऱ्या प्रचालन प्रणालीस ‘अतिथी’ असे म्हणतात. दुसऱ्या संगणकाच्या यंत्रभागांच्या वर्तनाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या आज्ञावलीला अनुकारक किंवा एम्युलेटर ही संज्ञा आहे. संगणक सुरू होताच सर्वप्रथम कार्यान्वित होणारी, यंत्रभागांना जागे करून प्रचालन प्रणालीला पाचारण करणारी जी कायम स्वरूपाची आज्ञावली असते ती फर्मवेअर या नावाने ओळखली जाते.

आभासी यंत्राचा पडदा हा वस्तुतः यजमानाच्या पडद्यावरील एक खिडकी असते. त्यामुळे तिचा आकार कितीही ठेवता यावा, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात मात्र अतिथी प्रणाली ८०० × ६०० किंवा १०२४ × ७६८ अशा लहान चौकटीत अडकून पडते, इच्छित विभेदन उपलब्ध यादीत सापडत नाही, प्रतिमा तिरपी वा ताणलेली दिसते, तर कधी पडदा पूर्ण काळा राहतो. या अडचणी केवळ सौंदर्याच्या नसतात. प्रतिष्ठापनेच्या वेळी संवाद-चौकटीचे ‘पुढे’ हे बटण दृश्य भागाच्या खाली गेले, तर काम तेथेच थांबते आणि दूरवरच्या सर्व्हरचा पडदाच दिसेनासा झाला, तर तो दुरुस्त करण्याचा शेवटचा मार्गही बंद होतो. अनुकारक, फर्मवेअर, अतिथीतील चालक आज्ञावली व यजमानाची खिडकी या चार घटकांत जो करार असावा लागतो तो कोठेतरी मोडणे, हेच या सर्व दोषांचे मूळ होय.

विभेदन व चित्रस्मृती : पडद्यावरील प्रतिमा चित्रबिंदूंच्या, म्हणजे पिक्सेलांच्या, आडव्या ओळींनी बनलेली असते. प्रत्येक बिंदूचा रंग स्मृतीत ठरावीक जागी साठविलेला असतो व स्मृतीच्या या भागास चौकट-संचय म्हणतात. विभेदन वाढले की या स्मृतीची गरज लांबी व रुंदी यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते. उदा., ६४० × ४८० विभेदनात ३,०७,२०० बिंदू असतात. १६ रंगांसाठी प्रत्येक बिंदूस अर्धा बाइट पुरत असल्याने एकूण १,५३,६०० बाइट लागतात. आजच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक बिंदूस ४ बाइट दिल्यास १०२४ × ७६८ साठी ३१,४५,७२८, १९२० × १०८० साठी ८२,९४,४०० आणि ३८४० × २१६० साठी ३,३१,७७,६०० बाइट लागतात. खऱ्या दृश्यपत्रावर ही स्मृती कारखान्यातच बसविलेली असते. आभासी दृश्यपत्राची स्मृती मात्र यजमानाच्या स्मृतीतून कापून द्यावी लागते आणि ती किती द्यावी हे आभासी यंत्र उभे करतानाच ठरते. पुढील बऱ्याच मर्यादा या एका निर्णयातून उद्भवतात.

ऐतिहासिक आढावा : आयबीएम या कंपनीने १९८१ साली बाजारात आणलेल्या व्यक्तिगत संगणकासाठी रंगीत आलेखनाचे जे पत्र उपलब्ध होते त्यावर ३२० × २०० विभेदनात ४ व ६४० × २०० विभेदनात २ रंग दाखविता येत. १९८४ साली ६४० × ३५० विभेदनात १६ रंग दाखविणारे ‘ईजीए’ व १९८७ साली ६४० × ४८० विभेदनाचे ‘व्हीजीए’ हे मानक आले. व्हीजीएची दृश्यस्मृती २५६ किलोबाइटांची होती. परंतु तत्कालीन संगणकाच्या स्मृति-नकाशात तिच्यासाठी पहिल्या ६४० किलोबाइटांच्या लगत केवळ ६४ किलोबाइटांची खिडकी आलेखनास मोकळी होती. म्हणून मोठी प्रतिमा तुकड्यातुकड्यांनी या खिडकीतून लिहावी लागे. ३२० × २०० या विभेदनात २५६ रंग वापरले असता ६४,००० बाइट लागतात. हा आकडा खिडकीच्या ६५,५३६ बाइटांत मावत असल्याने त्या काळच्या खेळांनी हेच विभेदन पसंत केले.

व्हीजीएच्या पुढील टप्प्यात प्रत्येक उत्पादकाने स्वतःची वेगळी पद्धत काढली आणि आज्ञावली लिहिणाऱ्यांची पंचाईत झाली. हा गोंधळ मिटविण्यासाठी ‘व्हेसा’ या उत्पादकांच्या संघटनेने दृश्यपत्राच्या बायॉसकरिता एक सामाईक विस्तार ठरविला. प्रत्येक विभेदनास एक क्रमांक द्यावा, प्रचालन प्रणालीने उपलब्ध क्रमांकांची यादी मागावी व त्यांतील एक निवडावा, असे त्याचे स्वरूप होते. १९९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत संपूर्ण दृश्यस्मृती एकसंध पट्टा म्हणून वापरण्याची सोय झाली व ६४ किलोबाइटांच्या खिडकीचा जाच संपला. याच आवृत्तीपासून संघटनेने नव्या विभेदनांना ठरीव क्रमांक देणे थांबविले. नव्या विभेदनांचे क्रमांक उत्पादकाने आपापले ठरवावेत व प्रणालीने ते विचारून घ्यावेत, अशी व्यवस्था झाली. १९९८ साली तिसरी आवृत्ती निघाली व तेथे हा विकास जवळजवळ थांबला. परिणामी रुंद पडद्यांची विभेदने या यादीत असतीलच असे नाही. जुन्या फर्मवेअरवर चालणाऱ्या आभासी यंत्रांत ४ : ३ प्रमाणाचीच विभेदने मुबलक दिसतात, त्याचे कारण हेच होय.

१९९४ सालीच व्हेसाने दर्शकाने स्वतःची माहिती संगणकास कळविण्याचे मानक प्रसृत केले. ई. डी. आय. डी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या १२८ बाइटांच्या पत्रिकेत दर्शकाचा उत्पादक, भौतिक आकार, त्यास पेलणारी विभेदने व पसंतीचे विभेदन नोंदलेले असते. सर्व १२८ बाइटांच्या बेरजेस २५६ ने भाग जावा अशी योजना असून त्यावरून पत्रिका बिनचूक पोचली की नाही हे पडताळता येते.

आभासी यंत्राची कल्पना याहून जुनी आहे. आयबीएमच्या महासंगणकांवर १९६० नंतरच्या दशकात ती प्रथम साकार झाली व १९७२ च्या ‘व्हीएम/३७०’ या प्रणालीने ती रूढ झाली. त्या यंत्रांचा संवाद अक्षरी टर्मिनलांवरून होत असल्याने चित्र-विभेदनाचा प्रश्न तेथे उद्भवला नाही. तो उभा राहिला व्यक्तिगत संगणकाच्या अनुकाराबरोबर. ‘बॉक्स’ या अनुकारकाचा विकास १९९४ पासून झाला. व्हीएमवेअर कंपनीचे व्यक्तिगत संगणकावरील आभासी यंत्र १९९९ साली आले, फाब्रीस बेलार यांनी ‘क्यूएमू’ हा अनुकारक २००३ साली प्रसिद्ध केला व ‘व्हर्च्युअलबॉक्स’ २००७ साली उपलब्ध झाले.

आभासी दृश्यपत्रांचे प्रकार : अनुकारकापुढे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग प्रत्यक्ष अस्तित्वात असलेल्या दृश्यपत्राची नक्कल करण्याचा. क्यूएमूमध्ये दीर्घकाळ सिरस लॉजिक कंपनीच्या १९९० नंतरच्या दशकातील एका पत्राची नक्कल गृहीत म्हणून दिली जात असे. त्या पत्राच्या चालक आज्ञावल्या जवळजवळ प्रत्येक प्रणालीत अंतर्भूत असल्यामुळे अतिथीस ते आपोआप ओळखता येई. पण अस्सल नकलेबरोबर मूळची मर्यादाही येते. या पत्राची स्मृती ४ मेगाबाइट, म्हणजे ४१,९४,३०४ बाइट, होती. १२८० × १०२४ विभेदनात प्रत्येक बिंदूस ३ बाइट दिल्यास ३९,३२,१६० बाइट लागतात व ते मावतात. ४ बाइट दिल्यास ५२,४२,८८० बाइट लागतात व ते मावत नाहीत. यजमानाकडे स्मृतीची कितीही रेलचेल असली, तरी अतिथीला ती दिसत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये आलेल्या २·२ या आवृत्तीपासून क्यूएमूने हे गृहीत पत्र बदलले.

दुसरा मार्ग कधीही कारखान्यात न बनलेले, केवळ अनुकारकाच्या सोयीसाठी कल्पिलेले पत्र योजण्याचा. बॉक्स अनुकारकाने अशी एक अत्यंत साधी पद्धत घालून दिली. रुंदी, उंची, प्रत्येक बिंदूचे बिट व सुरू-बंद यांसाठी एकेक रजिस्टर असते व अतिथीने त्यांत आकडे लिहिताच विभेदन बदलते. क्यूएमूचे सध्याचे मानक पत्र याच पद्धतीवर आधारलेले आहे. त्याची गृहीत स्मृती १६ मेगाबाइट, म्हणजे १,६७,७७,२१६ बाइट, असल्याने २५६० × १६०० विभेदन (१,६३,८४,००० बाइट) त्यात जेमतेम बसते, परंतु ३८४० × २१६० बसत नाही. ते हवे असल्यास यंत्र उभे करतानाच स्मृती वाढवून द्यावी लागते.

यापुढील पायरी म्हणजे आपण आभासी आहोत हे अतिथीपासून न लपविणारी पत्रे होत. २०१५ साली लिनक्समध्ये समाविष्ट झालेले ‘व्हर्टिओ’ दृश्यपत्र या वर्गातील आहे. यात यजमानाची खिडकी लहानमोठी झाली की तशी सूचना अतिथीस जाते व अतिथीची चालक आज्ञावली नवे विभेदन स्वीकारते. व्हीएमवेअर व व्हर्च्युअलबॉक्स यांच्या अतिथीत बसवावयाच्या पूरक आज्ञावल्याही हेच कार्य करतात. त्या बसविल्यानंतर खिडकीचा कोपरा ओढताच आतील पडदा त्याबरोबर वाढतो. त्या नसतील तर खिडकी वाढते, पण आतील चित्र तेवढेच राहते किंवा नुसते ताणले जाते.

फर्मवेअरची भूमिका : बायॉस या जुन्या फर्मवेअरमध्ये विभेदन बदलण्याचे काम सोळा-बिटी आज्ञांनी होते. आधुनिक प्रणाली एकदा बत्तीस वा चौसष्ट-बिटी अवस्थेत गेली की या आज्ञा थेट चालविता येत नाहीत. म्हणून लिनक्सच्या साध्या चालकात विभेदनाची निवड आरंभक आज्ञावलीच्या टप्प्यातच उरकावी लागे. नंतर बदल करावयाचा झाल्यास सोळा-बिटी प्रक्रियकाचीच नक्कल करणारी एक लहान आज्ञावली आत चालविण्याची तोड काढण्यात आली. आभासी यंत्रात अशी तोड वापरली असता अनुकारकाच्या आत आणखी एक अनुकारक चालतो.

यू. ई. एफ. आय. या नव्या फर्मवेअर मानकाची धुरा २००५ पासून त्याच नावाच्या मंचाकडे आली. २००६ च्या त्याच्या २·० आवृत्तीत आलेखनाचा एक नवा संकेत अंतर्भूत झाला. त्यात उपलब्ध विभेदनांची यादी विचारणे, एक निवडणे व आयताकृती चित्रखंड हलविणे अशा तीन क्रिया असतात. शिवाय चौकट-संचयाचा पत्ता, आकार व प्रत्येक ओळीची खरी लांबीही कळविली जाते. मात्र या सोयी आरंभकाळापुरत्याच असतात. प्रचालन प्रणाली यंत्राचा ताबा घेते त्या क्षणी फर्मवेअरच्या आरंभसेवा कायमच्या संपतात. चौकट-संचय मागे राहतो व त्यावर लिहिता येते, पण विभेदन बदलण्याची क्रिया बोलावता येत नाही. ताब्याच्या क्षणी जे विभेदन होते तेच, विशिष्ट चालक आज्ञावली मिळेपर्यंत, प्रणालीच्या नशिबी येते. विंडोजमध्ये अशा वेळी विभेदनाची यादी दिसते पण निवडता येत नाही, याचे कारण हेच. वापरणाऱ्याला दोष प्रणालीचा वाटतो, पण निर्णय त्यापूर्वीच फर्मवेअरने घेतलेला असतो.

आभासी यंत्रांसाठी मुक्त स्वरूपात उपलब्ध असलेले ‘ओव्हीएमएफ’ हे फर्मवेअर बरीच वर्षे ८०० × ६०० हे विभेदन गृहीत धरीत असे. पुढे ते १२८० × ८०० करण्यात आले. त्याच्या मांडणी-यादीतून दुसरे विभेदन निवडता येते. निवड साठविल्यावर यंत्र पुन्हा सुरू केल्यासच ती लागू होते. ही निवड फर्मवेअरच्या बदलत्या माहितीसाठी राखलेल्या फाइलमध्ये साठते. ती फाइल यंत्रास जोडलेली नसेल किंवा केवळ वाचण्यापुरती जोडलेली असेल, तर प्रत्येक वेळी मूळचेच विभेदन परत येते.

प्रमुख दोष व त्यांची कारणे : (१) लहान विभेदनात अडकणे. अतिथीला आभासी पत्राची योग्य चालक आज्ञावली न मिळाल्याने ती फर्मवेअरने मागे ठेवलेल्या चौकट-संचयावर भागविते. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या आभासी मंचावर लिनक्सचा जुना चालक ११५२ × ८६४ हे विभेदन गृहीत धरी व अधिक हवे असल्यास ते गाभ्याच्या आरंभ-सूचनेत लिहून द्यावे लागे, हे याच जातीचे उदाहरण आहे.

(२) यादीत विभेदन नसणे. फर्मवेअर आपल्याजवळील विभेदनांच्या तक्त्यातून आभासी स्मृतीत न मावणारी विभेदने गाळते व उरलेली सांगते. म्हणून एखादे विभेदन का दिसत नाही, याचे उत्तर तक्त्यात नसणे किंवा स्मृती अपुरी असणे यांपैकी एक असते. पहिल्या बाबतीत विभेदन तक्त्यात घालावे लागते, दुसऱ्या बाबतीत स्मृती वाढवावी लागते. एकावरील उपाय दुसऱ्यावर चालत नाही.

(३) १३६६ × ७६८ चे कोडे. लहान सुवाह्य संगणकांच्या पडद्यांवर हे विभेदन फार प्रचलित झाले. पण १३६६ या संख्येस ८ ने भाग जात नाही. दर्शकाच्या पत्रिकेतील मानक नोंदीत रुंदी एका बाइटात लिहितात. रुंदीस ८ ने भागून त्यातून ३१ वजा केले की तो आकडा मिळतो. त्यामुळे २५६ पासून २२८८ पर्यंतच्या, ८ च्या पटीतील रुंदीच तेथे लिहिता येतात. बॉक्स पद्धतीचे क्यूएमूचे पत्रही रुंदी ८ च्या खालच्या पटीत उतरविते. म्हणून १३६६ मागितले असता १३६० मिळते व पडद्याच्या कडेला बारीक काळी पट्टी उरते. पत्रिकेतील सविस्तर नोंदीत रुंदीसाठी १२ बिट असल्याने १३६६ लिहिता येते, पण तेथे मर्यादा ४०९५ बिंदूंची आहे व त्याहून रुंद पडद्यासाठी पत्रिकेस पुरवणी जोडावी लागते.

(४) प्रतिमा तिरपी होणे. स्मृतीत एका ओळीची लांबी ही दृश्य रुंदीएवढीच असेल असे नाही. यंत्राच्या सोयीसाठी ओळीच्या शेवटी काही न दिसणारे बिंदू ठेवलेले असतात. समजा, दृश्य रुंदी १३६६ पण ओळ १३७६ बिंदूंची आहे. अतिथीने ओळ १३६६ चीच मानून लेखन केले, तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा १० बिंदूंनी सरकते व ७६८ ओळींत मिळून हे सरकणे ७,६८० बिंदूंचे होते. उभ्या रेषा तिरक्या होऊन प्रतिमा पाच-सहा वेळा गुंडाळल्यासारखी दिसते. फर्मवेअरने दिलेली ओळीची खरी लांबी न वाचणे ही यातील चूक असते.

(५) प्रमाण बिघडणे. जुने ३२० × २०० विभेदन ४ : ३ प्रमाणाच्या काचेवर दिसत असल्यामुळे त्याचे बिंदू चौरस नसून रुंदीच्या १·२ पट उंच होते. आजच्या चौरस बिंदूंवर तीच प्रतिमा जशीच्या तशी दाखविली, तर वर्तुळे चपटी होतात. आडवे ५ पट व उभे ६ पट वाढविल्यास १६०० × १२०० ही निर्दोष प्रतिमा मिळते. याउलट १०२४ × ७६८ ची प्रतिमा १०८० ओळींच्या पडद्यावर पूर्ण उंचीने दाखवावयाची तर १·४०६२५ हा अपूर्णांकी गुणक येतो. काही बिंदू एका ओळीत, काही दोन ओळींत उमटतात आणि अक्षरे ओबडधोबड किंवा धूसर होतात. शिवाय दोन्ही बाजूंस २४० बिंदूंची रिकामी जागा उरते. यजमानाच्या अतिसूक्ष्म पडद्यावर खिडक्या आधीच वाढवून दाखविल्या जात असल्यास ही वाढ दोनदा होते व धूसरपणा अधिक जाणवतो.

(६) काळा पडदा. फर्मवेअरचा टप्पा दिसतो, प्रणालीचा आरंभ होतो आणि पडदा काळा पडतो. व्हर्टिओ दृश्यपत्राच्या शुद्ध प्रकारात अतिथीने थेट लिहावा असा एकसंध चौकट-संचयच नसतो. फर्मवेअर केवळ चित्रखंड हलवून चित्र काढते. आरंभसेवा संपताच ती सोयही जाते व अतिथीचा स्वतःचा व्हर्टिओ चालक सुरू होईपर्यंत दाखविण्यास काहीच उरत नाही. आर्म जातीच्या प्रक्रियकावरील आभासी यंत्रांत आणखी एक अडचण येते. अतिथी दृश्यस्मृतीवर द्रुतसंचय टाळून थेट लिहितो, तर यजमान तीच स्मृती द्रुतसंचयातून वाचतो. त्यामुळे यजमानाला शिळी वा फाटलेली प्रतिमा दिसते. हे टाळण्यासाठी २०१८ मध्ये क्यूएमूमध्ये अतिथीच्या सामान्य स्मृतीचाच तुकडा चौकट-संचय म्हणून वापरणारे एक साधे साधन आले.

सुरक्षिततेचा प्रश्न : विभेदनाचे आकडे अतिथीकडून येतात आणि अतिथी विश्वासार्ह असेलच असे नाही. रुंदी, उंची, ओळीची लांबी व आरंभस्थान यांचा मेळ स्मृतीच्या आकाराशी घातला नाही, तर अतिथीला दृश्यस्मृतीच्या सीमेबाहेर, म्हणजे यजमानावरील अनुकारकाच्या स्वतःच्या स्मृतीत, लिहिता येते. मे २०१६ मध्ये क्यूएमूच्या व्हीजीए भागात असाच दोष उघड झाला व तो ‘डार्क पोर्टल’ या नावाने ओळखला जातो. जुन्या खिडकी-पद्धतीत आधी खिडकीचा क्रमांक ठरवून नंतर लेखनाची तऱ्हा बदलल्यास सीमेची तपासणी चुकत असे व अतिथीतील व्यवस्थापकास यजमानावर हवी ती आज्ञावली चालविणे शक्य होई. एकाच यंत्रावर अनेक ग्राहकांची आभासी यंत्रे चालविणाऱ्या संस्थांच्या दृष्टीने याचे गांभीर्य उघड आहे. १९८७ सालच्या ६४ किलोबाइटांच्या खिडकीशी इमान राखताना जी गुंतागुंत शिल्लक राहिली, तिने तीन दशकांनंतर हा धोका निर्माण केला. अनुकारक हवे ते विभेदन सरसकट का स्वीकारीत नाही, याचे एक उत्तर या तपासणीत आहे.

अक्षरी पडदा व देवनागरी : व्हीजीएच्या अक्षरी पद्धतीत पडदा ८० स्तंभ व २५ ओळींत विभागलेला असून प्रत्येक अक्षराला ९ × १६ बिंदूंची चौकट मिळते. वर व खाली मात्रा-उकार घेणाऱ्या आणि जोडाक्षरे बनविणाऱ्या देवनागरीस अशी ठरीव चौकट अपुरी पडते. भारतीय लिप्यांसाठी पुण्याच्या सी-डॅक संस्थेने पुरविलेले ‘जिस्ट’ पत्र संगणकात वेगळे बसवावे लागे ते यामुळेच. यू. ई. एफ. आय. च्या अक्षरी पडद्यातही अक्षराची चौकट ८ × १९ किंवा, रुंद अक्षरांसाठी, १६ × १९ बिंदूंची असते. ८०० × ६०० विभेदनात त्याचे १०० स्तंभ व ३१ ओळी होतात. ३८४० बिंदू रुंदीच्या पडद्यावर तेच ४८० स्तंभ होतात व अक्षरे वाचता येणार नाहीत इतकी बारीक दिसतात. म्हणजे फर्मवेअरच्या टप्प्यात विभेदन कमी असणे जसे गैरसोयीचे, तसेच ते फार अधिक असणेही गैरसोयीचे असते. दृष्टी मंद असलेल्या व्यक्तीस तर लहान विभेदनच अधिक उपयोगी पडते.

दोषनिवारण : दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे आधी ठरविल्यास निवारण सोपे होते. यंत्र सुरू होताच दिसणाऱ्या फर्मवेअरच्या पडद्याचे विभेदन प्रथम पाहावे. तेथेच ते लहान असेल, तर आभासी पत्राची स्मृती, दर्शकाची आभासी पत्रिका व फर्मवेअरची साठविलेली निवड या तीन गोष्टी क्रमाने तपासाव्यात. फर्मवेअरमध्ये विभेदन योग्य असून प्रणाली सुरू होताना ते घटत असेल, तर मधली आरंभक आज्ञावली ते बदलत असते व तिला फर्मवेअरचे विभेदन तसेच राखण्याची सूचना द्यावी लागते. प्रणाली पूर्ण सुरू झाल्यावरही विभेदन बदलत नसेल, तर पत्राला जुळणारी चालक आज्ञावली किंवा पूरक आज्ञावली अनुपस्थित असते. आतील विभेदन बरोबर असूनही चित्र धूसर दिसत असेल, तर अतिथीत काहीही बदलू नये. दोष यजमानाच्या खिडकीच्या वाढ-प्रमाणात असतो. प्रतिष्ठापनेच्या वेळी बटण पडद्याबाहेर गेल्यास कळफलकावरील टॅब कळीने पुढे सरकून ते दाबता येते. सर्व्हरांच्या बाबतीत चित्र-पडद्याव्यतिरिक्त क्रमिक द्वारावरून चालणारा अक्षरी संवाद आधीच सुरू ठेवणे शहाणपणाचे ठरते, कारण त्यास विभेदनाची बाधा होत नाही.

महत्त्व : ज्या यंत्रांचे सुटे भाग मिळेनासे झाले आहेत त्यांवरील हिशेब, नकाशे, टंकमुद्रणाचे नमुने व खेळ आज अनुकारकांतच जिवंत आहेत. अशा ठिकाणी विभेदन हा मूळ कृतीचा भाग असतो. ते मनमानी वाढविले तर जुनी आज्ञावली बिघडते आणि चुकीच्या प्रमाणात दाखविले तर नोंद खोटी ठरते. याउलट दैनंदिन कामासाठी चालणाऱ्या आभासी यंत्रात मूळ यंत्राशी इमान राखण्यापेक्षा वापरणाऱ्याच्या पडद्याशी जुळणे अगत्याचे असते. एकाच साधनाकडून या दोन परस्परविरोधी अपेक्षा केल्या जात असल्यामुळे सर्वांना पुरेल असे एकच गृहीत विभेदन असू शकत नाही. दर्शकाची आभासी पत्रिका, खिडकीच्या आकाराची सूचना व ओळीच्या खऱ्या लांबीची नोंद यांमुळे चारही घटकांना परस्परांस विचारून विभेदन ठरविणे शक्य झाले आहे. जेथे हे विचारणे सुटते आणि कोणी एक घटक दुसऱ्याच्या वतीने गृहीत धरतो, तेथे पडदा अजूनही लहान, तिरपा वा काळा दिसतो.